पोटुशी मोरी आणि माहेरवाशीण

मागे आमच्या धाकट्या वन्सं बाळंतपणासाठी माहेरी आल्या. मुलगी झाली. बारसं आटोपलं, तशा सासूबाई म्हणाल्या, "उद्या बाजारातून मोरी आण गं. बाळंतिणीला दूध येतं." आमच्या मालवणकडची ही जुनी रीत. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मीही मोरी खाल्ली होती. तेव्हा मुकाट्यानं पिशवी उचलली.

बाजारात नेहमीच्या मासेवालीनं हाक दिलीच, "वयनीनु, मोरी घेवा, बाळंतणीक बरी!" हातभर लांबीची एक घेतली. घरी येऊन कढत पाणी ओतलं, खरखरीत साल खरवडली आणि पोट चिरलं, तर आत बोटबोटभर पिल्लं! एक नाही, दोन नाही, चांगली नऊ. प्रत्येकाच्या पोटाला बारीकशी नाळ, आणि ती आत आईला जोडलेली. आतल्या खोलीत वन्सं बाळाला पदराखाली घेऊन बसलेल्या. माझा हात काही पुढे चालेना, बाई!

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेही मराठी. विज्ञानाच्या बाईंकडून पुस्तकं आणली आणि दुपारची झोप मोडून वाचली. जे कळलं ते तुम्हांला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

मोरी म्हणजे लहान शार्क. पाकट ही तिची चुलत बहीण. दोघींच्याही अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कुर्च्यांचा, आपल्या कानासारखा लवचीक. मोरीची साल कागदाला घासावी तशी लागते, कारण तिच्यावर दातांसारखे बारीक बारीक खवले असतात. आणि मोरीला तो उग्र वास का येतो? समुद्राच्या खारेपणाशी तोल राखायला ती अंगात युरिया साठवते. मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. म्हणून ती ताजी असतानाच, पुष्कळ पाण्यानं धुवावी लागते.

पण खरी नवलाई आहे ती तिच्या बाळंतपणाची. बांगडा, तारली हजारोंनी अंडी पाण्यात सोडून मोकळ्या होतात. शार्कचं तसं नाही. काही जाती चामड्यासारख्या पिशवीत मोजकी अंडी घालतात, पण पुष्कळ जाती पिल्लांना पोटात वाढवून जिवंत जन्म देतात. आपल्या किनाऱ्यावर नेहमी मिळणारी चपट्या नाकाची लहान मोरी तर याबाबतीत फारच पुढारलेली. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, त्यात पोषण ते किती असणार? म्हणून आपल्यासारखीच तिला वार असते आणि नाळेतून पिल्लांना अन्न मिळतं. पाकटीला नाळ नाही, पण तिच्या गर्भाशयातच दुधासारखा रस पाझरतो आणि पिल्लं त्यावर पोसतात. हातोड्यासारख्या डोक्याच्या मोठ्या शार्कला दिवस भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. थंड समुद्रातली एक लहान शार्क तर पिल्लांना जवळजवळ दोन वर्षं पोटात वागवते!

चपट्या नाकाची मोरी लवकर वयात येते. मोठ्या जातींना मात्र त्यासाठी कितीतरी वर्षं लागतात. मग आया आणि पिल्लं दोन्ही जाळ्यात आल्यावर वंश वाढायचा कसा? 2021 साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की खुल्या महासागरातल्या शार्क आणि पाकटी 1970 पासून 71 टक्क्यांनी घटल्या आहेत. मुख्य कारण एकच, बेसुमार मासेमारी.

हे सगळं मी जेवताना घरात सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या, पण पटल्याचं चिन्ह नव्हतं. मग मी गुजरातची हकिकत सांगितली. वेरावळच्या बाजूला देवमाशाएवढी प्रचंड, पण निरुपद्रवी अशी व्हेल शार्क येते. पूर्वी तिला मांसासाठी आणि होड्यांना लावायच्या तेलासाठी मारत. माइक पांडे यांनी 2000 साली त्यावर चित्रपट काढला आणि 2001 मध्ये तिला कायद्यानं संरक्षण मिळालं. पण नुसत्या कायद्यानं काय होतं? 2004 मध्ये मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं, की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक समजा. तिचं नाव पडलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. तेव्हापासून तिथल्या कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून अशा शेकडो लेकी सोडल्या आहेत. जाळ्याची भरपाई मिळते. आपल्या महाराष्ट्रातही संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छिमारांना 2018 पासून जाळ्याची भरपाई देण्याची योजना निघाली.

सासूबाईंनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. म्हणाल्या, "आणि दुधाचं काय?"

त्याचंही वाचून ठेवलं होतं. दूध वाढतं ते बाळानं वरचेवर पिण्यानं आणि आईला पोटभर जेवण नि विसावा मिळाल्यानं. उलट मोठ्या, जुन्या शार्कच्या अंगात पारा साठत जातो. म्हणून अमेरिकेचं अन्न-औषध खातं गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना शार्क खाऊच नका म्हणतं. बाजारात तुकडे करून ठेवलेली मोरी कुठल्या माशाची, केवढ्या वयाची, आपल्याला कसं कळणार?

"मग उद्या बांगडे आण," एवढंच म्हणून सासूबाई उठल्या. त्या दिवशीची मोरी आम्ही रांधली, अन्न टाकलं नाही. पण वन्संच्या ताटात ती गेली नाही.

आता बाजारात जाताना या गोष्टी ध्यानात ठेवा:

मोरी घेताच असाल तर उलटी करून पुढच्या दोन परांच्या मधे पोटावर बघा. तिथे चिरेसारखी ओली खूण असेल तर ती नाळेची. ते नुकतं जन्मलेलं पिल्लू, ते घेऊ नका.

हातोड्यासारख्या डोक्याचं पिल्लू स्वस्त मिळालं तरी सोडून द्या.

पोट फुगलेली मादीही नको.

बाळंतिणीला तारली, बांगडे असे लहान मासे द्या.

आपण घेतलं नाही, तर उद्या मासेवाली आणणार नाही. आमची मासेवाली हल्ली मोरी उलटी करूनच दाखवते. "बघा वयनी, नाळ नाय हां!" म्हणते.