ताईची वही

मागचे तीन आठवडे आमचा मजकूर आला नाही, म्हणून दोन वाचकांनी 'प्रकृती बरी आहे ना?' अशी विचारणा केली. बंधु-भगिनींनो, प्रकृती उत्तम आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो नेहमीचाच. खरे कारण असे की दिवाळीच्या सुट्टीचा हंगाम हा आम्हा एस.टी.वाल्यांचा सुगीचा काळ. शाळांना सुट्टी लागली की माहेरवाशिणी, पोरे-बाळे, बोचकी, पिशव्या सगळे एकदम फलाटावर येते. जादा गाड्या सोडायच्या, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची ते पाहायचे, आणि 'साहेब, मालेगाव गेली का?' या एकाच प्रश्नाला दिवसातून दोनशे वेळा न चिडता उत्तर द्यायचे, ही वाहतूक नियंत्रकाची नोकरी. निवृत्तीला तीन वर्षे राहिली. आवाज बसला आहे, बाकी सगळे जागेवर आहे.

अशा गर्दीत आम्ही दोन दिवसांची रजा काढली आणि मनमाडहून नेरुळला क्रिकेटचा सामना पाहायला गेलो, हे ऐकून आमच्या घरातून पहिला प्रश्न आला, 'वय काय आपले?' वय पंचावन्न. पण सामना आमच्यासाठी नव्हताच. तो ताईसाठी होता. ताई एकसष्ट वर्षांची आहे.

ताई म्हणजे आमची थोरली बहीण. नवी मुंबईत शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त होऊन नेरुळलाच मुलाकडे असते. तिच्या घराच्या गच्चीवरून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात. इतकी वर्षे ते दिवे लागलेले ती पाहत आली, पण आत कधी गेली नव्हती. यंदा महिलांच्या विश्वचषकाचे सामने तिथे होणार हे कळल्यावर भाच्याने दोन तिकिटे काढली आणि आम्हाला फोन केला, 'मामा, आई माझ्याबरोबर यायला तयार नाही. म्हणते, मामा आला तर जाईन.'

हे असे का, ते सांगायचे तर मनमाडच्या रेल्वे क्वार्टरपर्यंत मागे जावे लागेल.

वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. क्वार्टरच्या मागे मोकळी जागा होती, तिथे संध्याकाळी पोरांचा खेळ चाले. बॅट म्हणजे आईचे धुण्याचे धोपाटणे. स्टम्प म्हणजे कोळशाने भिंतीवर ओढलेल्या तीन रेघा. आम्ही तेव्हा सहा-सात वर्षांचे, म्हणजे फक्त गटारात गेलेला चेंडू काढून आणण्याच्या उपयोगाचे. ताई मात्र खरी खेळाडू. तिचा चेंडू टप्पा पडल्यावर असा काही वळे की मोठी मुले धोपाटणे फिरवून नुसती बघत राहत. आम्हाला चेंडू धरायला तिनेच शिकवले. कुठले बोट कुठे ठेवायचे, मनगट कधी सोडायचे, हे आमच्या हाताला अजून आठवते.

1977 साली ती तेरा वर्षांची झाली आणि खेळ बंद झाला. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी आईला काही तरी सांगितले, आईने वडिलांना सांगितले. वडील रागावले नाहीत, ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, 'हवी तेवढी शीक, कॉलेजात जा, मी फी भरीन. पण मैदानात नको.' आणि त्यांनी शब्द पाळला. अर्धपोटी राहून तिला शिकवले. आमच्या वस्तीत तिच्या वयाच्या किती मुली डी.एड. झाल्या, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. म्हणून वडिलांबद्दल आम्ही कधी उणा शब्द काढला नाही आणि आजही काढणार नाही. पण मैदान गेले ते गेलेच.

मग ताईने दुसरी वाट काढली. रेल्वेच्या मैदानावर मोठ्यांचे सामने होत, तिथला गुणलेखक वही कशी भरतो ते तिने कुंपणाबाहेरून पाहून घेतले. निर्धाव चेंडूला टिंब, बळीला फुली, सहा टिंबांचे षटक झाले की ती टिंबे रेघेने जोडायची. घरी येऊन तिने शाळेच्या वहीच्या मागच्या बाजूला चौकटी आखल्या. रेडिओवर बाळ ज. पंडितांचे समालोचन लागले की ती पोळ्या लाटता लाटता वही भरी. वहीच्या पानांवर कणकेची बोटे उमटलेली असत. 1978 साली महिलांचा विश्वचषक आपल्याच देशात झाला होता. डायना एडलजी कर्णधार होत्या आणि आपण तिन्ही सामने हरलो होतो. वर्तमानपत्रातली ती बोटभर बातमी ताईने वहीत उतरवून घेतली होती. बायका देशासाठी खेळतात हे आम्हाला तिच्या वहीतून कळले.

असो. 23 ऑक्टोबर 2025 ला गुरुवार होता. कार्तिकी पौर्णिमेची पाळी आम्ही घेऊ, या बोलीवर एका सहकाऱ्याने आमची ड्युटी घेतली. पहाटेच्या पंचवटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे, ठाण्याहून नेरुळ. ताईने दार उघडले तेव्हा ती निळी साडी नेसून तयार होती. सामना दुपारी तीनला आणि घड्याळात अजून अकराही वाजले नव्हते. पर्स घ्यायची नाही, पाण्याची बाटली घ्यायची नाही, असे भाच्याने बजावून ठेवले होते. तिच्या हातात एकच वस्तू होती, दोनशे पानी आखलेली वही. दोन पेने पदरात खोचलेली.

दारावर तपासणी करणाऱ्या मुलीने वही उघडून पाहिली. चौकटीच चौकटी. 'आजी, हे काय?' ताई म्हणाली, 'हिशेब.' मुलगी हसली आणि वही परत दिली.

सामना न्यूझीलंडशी. त्याआधी आपल्या मुली दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडशी लागोपाठ हरल्या होत्या. इंग्लंडशी तर फक्त 4 धावांनी. आज हरल्या असत्या तर पुढची वाट अवघड होती. आम्ही गावसकर-वेंगसरकरांच्या काळातले प्रेक्षक. हरण्याची तयारी करूनच सामन्याला बसायचे, ही आमची जुनी सवय. ताईला ती सवय नाही. सांगलीची स्मृती मानधना आणि दिल्लीची प्रतिका रावल सलामीला उतरल्या आणि ताईने वहीत दोघींची नावे सुवाच्य अक्षरात लिहिली, वर्गातल्या हजेरीपटावर लिहावीत तशी.

त्या दोघींनी 212 धावांची सलामी दिली. मानधना 109, रावल 122. मग वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज आली. आधीच्या सामन्यात तिला संघाबाहेर बसवले होते. तिने 55 चेंडूंत नाबाद 76 केल्या. आम्ही उभे राहून ओरडत होतो. एस.टी.चा आवाज त्या दिवशी कामी आला. ताई एकदाही उभी राहिली नाही. तिला टिंबे भरायची होती. पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुली आधी तिच्याकडे पाहून हसत होत्या. नंतर त्याच मागे वळून विचारू लागल्या, 'आजी, शेवटच्या पाच षटकांत किती झाल्या?' समोर भला मोठा फलक असताना हे विचारणे म्हणजे तिच्याशी बोलण्याचे निमित्तच. पण ताई गंभीरपणे बोट फिरवून बेरीज सांगत होती.

48 षटके झाली आणि पाऊस आला. खेळाडू आत पळाले, मैदानावर आच्छादन आले. आम्ही वडे आणि चहा घेऊन आलो. कागदी कप हातात धरून दोघे बहीण-भाऊ बसलो. आणि पावसाकडे बघता बघता आमच्या तोंडून निघून गेले, 'ताई, ती बॅट खरी तुझी होती.'

कुठली बॅट, ते तिला विचारावे लागले नाही. 1983 साली कपिलदेवच्या संघाने विश्वचषक आणला आणि मनमाडची झाडून सगळी पोरे बॅटीच्या मागे लागली. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. वडिलांनी नाशिकहून आम्हाला खरी बॅट आणली. पगारातून किती काढले असतील कोण जाणे. तेरा वर्षांच्या मुलीचे मैदान बंद झाले होते, तेरा वर्षांच्या मुलाला बॅट आली. तेव्हा हे आमच्या डोक्यातही आले नाही. डोक्यात आले ते आम्हाला मुलगी झाल्यावर. आणि आल्यावरही बोलायला आम्हाला पंचवीस वर्षे लागली.

ताई चहा पीत राहिली. मग म्हणाली, 'त्या बॅटीला जवसाचं तेल कोणी लावलं होतं, माहीत आहे का तुला?'

आम्हाला वाटत होते वडिलांनी.

'मी लावलं. रात्री तुम्ही सगळे झोपल्यावर. तेल लावलं आणि भिंतीकडे तोंड करून दोन फटके मारून पाहिले. चेंडू नव्हता. आवाज होईल म्हणून हळूच मारले.' मग आमच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, 'रडू नकोस, वडा गार होतोय.'

आम्ही रडत नव्हतो. पावसाचे पाणी होते. वाचकांनी विश्वास ठेवावा अगर ठेवू नये.

खेळ पुन्हा सुरू झाला तो 49 षटकांवर थांबला, 3 बाद 340. न्यूझीलंडला 44 षटकांत 325 करायच्या असे जाहीर झाले. हे डकवर्थ-लुईस-स्टर्नचे गणित वहीत कुठे लिहायचे, हा ताईपुढे मोठा पेच. तिच्या चौकटींत पावसाला घर नव्हते. शेवटी तिने समासात लिहिले, 'पाऊस. चहा.' न्यूझीलंड 8 बाद 271 पर्यंत पोचले. आपण 53 धावांनी जिंकलो आणि उपांत्य फेरीत गेलो. गर्दी ओसरेपर्यंत ताई खुर्चीवर बसून बेरजा तपासत होती. आडवी-उभी दोन्ही जुळल्या तेव्हाच उठली. पायऱ्या उतरताना तिने आमचा हात धरला. गुडघा तिचाही कुरकुरतो, हा आमच्या घराण्याचाच वारसा दिसतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत ड्युटीवर. पुढचे सगळे फोनवर. 26 तारखेचा बांगलादेशाशी सामना पावसात वाहून गेला आणि त्यात प्रतिका रावलचा पाय दुखावला. ताईला जेवण गेले नाही. 'अरे, 122 केल्या पोरीने, आणि आता बाहेर बसणार,' हे तिने तीनदा सांगितले. 30 तारखेला ऑस्ट्रेलियाच्या 338 चा पाठलाग करताना जेमिमाने नाबाद 127 केल्या, तेव्हा मात्र फोनवर शब्दच येईना, नुसता श्वास ऐकू येत होता.

आणि 2 नोव्हेंबर, अंतिम सामना. त्या रात्री आमची ड्युटी. पावसाने खेळ दोन तास उशिरा सुरू झाला, त्यामुळे आम्हाला निम्मा अधिक पाहायला मिळाला. नियंत्रण कक्षात एका चालकाचा मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला, भोवती दोन वाहक, एक हमाल आणि मुक्कामी गाडी चुकलेले एक येवल्याचे आजोबा. आपल्या 298. रावलच्या जागी आलेल्या शेफाली वर्माच्या 87. दीप्ती शर्माच्या 58, वर 5 बळी. दक्षिण आफ्रिकेच्या वोलव्हार्टचे शतक झाले आणि आजोबा म्हणाले, 'गेली मॅच.' आमच्याच काळातले प्रेक्षक. पण अमनजोतने दोनदा उडालेला झेल तिसऱ्या प्रयत्नात धरला आणि वोलव्हार्ट गेली. शेवटचा झेल हरमनप्रीतच्या हातात गेला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. 2005 आणि 2017 ला अंतिम सामन्यात हरलो होतो, यंदा 52 धावांनी जिंकलो. प्रतिका रावल चाकांच्या खुर्चीवरून मैदानात आली, ते आजोबांनी डोळे पुसत पाहिले. त्यांना आम्ही पहाटेच्या गाडीत बसवून दिले.

साडेबाराला ताईचा फोन. आम्हाला वाटले आनंदाने बोलेल. आवाज घाबराघुबरा.

'अरे, माझी बेरीज 245 येतेय. फलकावर 246. एक कुठे गेली?'

'एखादा वाईड राहिला असेल.'

'शेवटी शेवटी मला नीट दिसत नव्हतं,' ती म्हणाली. मग थोडे थांबून, 'तुझ्याकडे षटकानुसार आकडे आहेत का मोबाईलवर? वाच बरं पहिल्यापासून.'

आम्ही खुर्ची ओढून घेतली. फलाटावर एकच गाडी उभी होती, तिला सुटायला अजून अवकाश होता. पहिल्या षटकापासून वाचायला सुरुवात केली.