नाकाच्या पडद्याला मोठं भोक : ऑपरेशनची घाई नको

"डॉक्टर, पूर्वी श्वास घेताना नाकात शिट्टी वाजायची. आता वाजत नाही. म्हणजे बरं झालं ना?" चाळिशीतल्या एका पेशंटने मला विचारलं. एका नाकपुडीत टॉर्च धरला, तर उजेड दुसऱ्या नाकपुडीत दिसला. शिट्टी लहान भोकातून वाजते. त्याचं भोक मोठं झालं होतं, म्हणून ती थांबली होती!

सोबत खपल्या, अधूनमधून घोळणा फुटणं, आणि नाक मोकळं असूनही चोंदल्यासारखं वाटणं. त्याला ऑपरेशन करून मोकळं व्हायचं होतं. मी मात्र आधी त्याचं काम विचारलं. क्रोम प्लेटिंग, बारा वर्षं. क्रोमियमच्या वाफाऱ्याने पडदा हळूहळू झिजतो, बऱ्याचदा न दुखता.

माझं मत स्पष्ट आहे : भोक का पडलं हे कळल्याशिवाय ते शिवायला जाऊ नये. पडद्याच्या मधल्या कूर्चेला रक्त दोन्ही बाजूंच्या नाजूक आवरणातून मिळतं. दोन्हीकडचं आवरण एकाच जागी गेलं की कूर्चा मरते. वाकड्या पडद्याचं जुनं ऑपरेशन, दोन्ही बाजूंना डाग देणं, सतत नाक कोरणं, कोकेन (हा प्रश्न आम्ही विचारला तर रागावू नका), टीबी, कुष्ठरोग किंवा रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार, यातलं काहीही असू शकतं. म्हणून रक्ततपासण्या आणि गरजेप्रमाणे भोकाच्या कडेचा तुकडा तपासणं आलंच. कारण चालू असताना केलेली दुरुस्ती टिकत नाही.

ऑपरेशनही सोपं नाही. साधारण दोन सेंटिमीटरच्या पुढचं भोक मोठं समजतात. नाकाच्या तळाकडून आणि वरून आवरण सरकवून दोन्ही बाजू झाकायच्या आणि मध्ये कानाच्या वरच्या स्नायूवरचा पातळ पडदा किंवा कानाची कूर्चा ठेवायची, अशी ही पद्धत. म्हणून भोकाच्या लांबीपेक्षा उंची जास्त नडते. आवरण कमी पडलं, तर गालाच्या आतून किंवा टाळूच्या कातडीखालून रक्तपुरवठ्यासकट पट्टी आणावी लागते. इतकं करूनही भोक पुन्हा पडू शकतं. त्यामुळे सर्जनना बेधडक विचारा : "अशी किती ऑपरेशनं तुम्ही केलीत? किती टिकली?" चांगला सर्जन चिडत नाही.

त्रास नसेल तर भोक तसंच ठेवता येतं. त्रास असेल तर मिठाच्या पाण्याने नाक धुणं, मलम, आणि न जमल्यास सिलिकॉनचं बटण. मात्र नाकाचं हाड बसू लागलं, रक्त थांबेना, तर सर्जनकडे जायला उशीर करू नका.

त्या पेशंटने खातं बदलून घेतलं. सहा महिन्यांत खपल्या बऱ्याच कमी झाल्या. ऑपरेशनचं पुढच्या तपासणीनंतर बघू, असं आता तोच म्हणतो.