'सर्वज्ञ' : अक्षर एक, उच्चार अनेक

कडोदऱ्याचे एक तरुण दांपत्य मध्यंतरी कागदपत्रांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. मूळचे खानदेशातले, पोटापाण्यासाठी सुरत जिल्ह्यात स्थिरावलेल्या असंख्य मराठी कुटुंबांपैकी एक. मुलाचे नाव सर्वज्ञ. आजी त्याला 'सर्वद्न्य' म्हणते, गुजराती शेजारी 'सर्वग्न', तर हिंदी भाषक 'सर्वग्य'. रोमन लिपीत जन्मदाखल्यावर 'जी-एन', लसीकरणाच्या कार्डावर 'जी-वाय' आणि आईने स्वतः भरलेल्या अर्जात 'डी-एन-वाय'. त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, नावच बदलून टाकावे का?"

मी म्हणालो, मुळीच नको. हे उत्तर केवळ कायद्याचे नाही, भाषेचेही आहे.

ज्ञ हे ज् आणि ञ यांचे जोडाक्षर. हा मूळ संयोग आपल्या रोजच्या बोलण्यात जसाच्या तसा उरलेला नाही. मराठीने 'द्न्य' केले, गुजरातीने 'ग्न', हिंदीने 'ग्य', तर कन्नडमध्ये 'ग्न्य' ऐकू येते. आपल्याच घरात डोकावले तर प्राकृताच्या वाटेने आज्ञेची 'आण' झाली आणि यज्ञोपवीताचे 'जानवे'. त्या जानव्याला गुजराती 'जनोई' म्हणते. तेव्हा शेजाऱ्याचा उच्चार अशुद्ध ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. तसाच आपल्या उच्चाराबद्दल ओशाळण्याचेही कारण नाही.

विशेष म्हणजे देवनागरी आणि गुजराती या दोन्ही लिपींत ज्ञ हे अक्षर आहे. तेथे नाव जसेच्या तसे उतरते. घोटाळा होतो तो रोमन लिपीत. 'ज्ञानेश्वर' हे नाव मराठी माणूस रोमनमध्ये 'डी-एन-वाय'नेच लिहितो. १८४२ साली अहमदनगरहून निघालेले 'ज्ञानोदय' आणि १८४९ चे पुण्याचे 'ज्ञानप्रकाश' यांची रोमन नावेही तशीच रूढ झाली. सर्वज्ञ हे नाव मात्र विरळा; त्याला अशी रूढी लाभलेली नाही, म्हणून प्रत्येक लेखनिक आपापल्या कानाप्रमाणे लिहितो. आगळे नाव शोधणाऱ्या आजच्या पालकांनी ही जबाबदारीही नावासोबतच स्वीकारली पाहिजे.

आणि हे नाव टाकून द्यावे असे आहे का? महानुभाव पंथ ज्यांना 'सर्वज्ञ' म्हणतो, ते चक्रधरस्वामी परंपरेनुसार मूळचे भडोचचे. गुजरातेतून आलेल्या या महापुरुषाने धर्मनिरूपणासाठी मराठी स्वीकारली. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकात संकलित केल्या आणि 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ठरला. कडोदऱ्याच्या चौफुलीवरून एक महामार्ग उत्तरेला भडोचकडे जातो, दुसरा बारडोली, व्यारा, नवापूर करीत धुळ्याकडे. त्या चौफुलीवर वाढणाऱ्या मराठी मुलाला याहून समर्पक नाव कोणते? बेळगावकडील वाचकांना तर सर्वज्ञ म्हटले की त्रिपदी रचणारा कन्नड कवी आठवेल. सीमेच्या दोन्ही अंगांना आदराने घेतली जाणारी अशी नावे थोडी आहेत.

आता कायद्याची बाजू. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ नुसार जन्माची नोंद नावाशिवाय झाली असल्यास नाव नंतर नोंदवता येते; म्हणून घाईने चुकीचे लिहून घेऊ नये. नोंद चुकली असल्यास कलम १५ खाली दुरुस्तीची वाट आहे. मूळ नोंद न खोडता समासात सुधारणा केली जाते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून वाहनपरवान्यापर्यंत जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा जन्मदाखलाच आहे. त्यावरील एका अक्षराची चूक पुढे प्रत्येक कागदावर उमटत जाते. म्हणून रोमन रूप घरी ठरवावे, ठळक अक्षरांत लिहून न्यावे, दाखला हाती येताच तपासावा आणि पुढे सर्वत्र तेच वापरावे.

त्या दांपत्याने 'डी-एन-वाय' हे रूप कायम केले आणि दुरुस्तीचा अर्ज केला. शेजारी 'सर्वग्न' म्हणतील. मुलाने त्या हाकेलाही आनंदाने ओ द्यावी. पण आपले नाव आपल्या भाषेत कसे उच्चारतात, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. ते शिकवणे कोणत्याही सरकारी कचेरीचे काम नव्हे. ते आजीचे आहे, आईवडिलांचे आहे, आणि परमुलखात मराठी जपू पाहणाऱ्या आपणा सर्वांचे आहे.