तिकिटावर मोबाईल नंबर कोणाचा? स्वस्त विमानप्रवास आणि वाशीमचे प्रवासी

रमजान तोंडावर आलाय. २०२६ मध्ये रमजानचा चांद फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातला, आणि वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोडच्या कितीतरी घरांत उमराहच्या बॅगा काढून ठेवल्या आहेत. कुणी आखाती देशात कामाला असलेल्या मुलाकडं निघालंय, कुणी अब्बांना इलाजासाठी मुंबईला नेतंय. विमान आता फक्त श्रीमंतांचं राहिलं नाही, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण स्वस्त तिकिटाचा हा प्रवास बिघडला, की कोणाचा किती बिघडतो, याचा हिशेब मात्र सगळ्यांना सारखा लागत नाही.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशानं हे पाहिलं. इंडिगो ही देशातली सर्वात मोठी कंपनी. देशांतर्गत प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक तिच्याच विमानांतून जातात. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. नियम अचानक आले नव्हते, तयारीला भरपूर वेळ होता. तरी वैमानिक कमी पडले आणि ५ डिसेंबरला एकाच दिवशी हजारावर उड्डाणं रद्द झाली. बाकीच्या कंपन्यांची भाडी आभाळाला भिडली, तेव्हा सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,००० आणि १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,०००, कर वेगळे. म्हणजे नागपूर-मुंबईला १२ हजारांची मर्यादा. सामान्य कुटुंबासाठी हीसुद्धा काही लहान रक्कम नाही.

त्या दिवसांत टीव्हीवर दिसली ती मुंबई, दिल्ली, बंगळुरूची विमानतळं. मुंबईचा माणूस चिडला, भांडला आणि शेवटी टॅक्सी करून घरी गेला. आपल्या भागातला माणूस कुठं जाणार? वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी आहे, पण ती वाढवण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळतो आहे आणि नियमित प्रवासी विमान तिथून उडत नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं छोटं विमान सुरू झालं, त्याची कारंजाकडच्यांना सोय झाली. पण ते काही दर तासाला नाही. त्यामुळं बहुतेकांची धाव नागपूर, नाहीतर छत्रपती संभाजीनगर. समृद्धी महामार्ग शेलूबाजार, कारंजा, मालेगावजवळून जातो म्हणून रस्ता सोपा झाला, हे खरं. तरी भाड्याची गाडी, टोल, रात्रीचं जागरण हे सगळं विमानाच्या तिकिटाच्या बाहेरचं. विमान रद्द झालं तर कंपनी तिकिटाचे पैसे परत देईल, गाडीचे कोण देणार?

आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमचे मामू आणि मामी मंगरूळपीरहून उमराहला निघाले. नागपूर-मुंबई सकाळचं विमान, आणि त्याच रात्री मुंबईहून जेद्दाह. दोन्ही तिकिटं वेगवेगळी, स्वस्तात पडतात म्हणून. रात्री दोन वाजता गाडी निघाली, फजरच्या वेळेला नागपूरला पोहोचले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, हे उड्डाण तर परवाच रद्द झालंय, तुम्हाला मेसेज पाठवलाय. मामू खिशातला फोन काढून तिला दाखवत राहिले, "बेटी, माझ्याकडं काहीच आलं नाही." ते खरं बोलत होते, आणि कंपनीही खरं बोलत होती. मेसेज गेला होता, पण तिकिटावरच्या नंबरवर. तो नंबर एजंटचा. त्याच्या फोनवर दिवसाला शंभर मेसेज येतात, त्यात हाही बुडाला.

दुसऱ्या कंपनीचं दुपारचं तिकीट तिप्पट भावानं काढून ते मुंबईला पोहोचले. जेद्दाहचं विमान मिळालं, अल्हम्दुलिल्लाह. पण नुकसानभरपाई मागितली तेव्हा उत्तर आलं की नोंदवलेल्या नंबरवर वेळेत कळवलं होतं. मूळ तिकिटाचा परतावा एजंटच्या खात्यात जमा झाला आणि तो हातात यायला दोन महिने लागले.

इथं नियम काय म्हणतो ते समजून घ्यायला हवं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, याच्या नियमानुसार कंपनीनं उड्डाण रद्द झाल्याचं निदान २४ तास आधी कळवलं, तर तिला दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा द्यावा लागतो, वेगळी भरपाई नाही. कळवलंच नाही तर भरपाई आहे: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडं आणि इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. तिकीट स्वस्त तर भरपाईही स्वस्त, असा हा हिशेब. खराब हवामान, संप अशी कारणं कंपनीच्या हाताबाहेरची असतील तर तेवढीही नाही. आणि त्याच नियमात आणखी एक ओळ आहे, जी आपल्याकडच्या लोकांना सर्वात महागात पडते: बुकिंग करताना ज्यानं संपर्काची पुरेशी माहिती दिली नाही, त्याला भरपाई मिळणार नाही.

कागदावर ही ओळ वाजवी वाटते. ज्याचा पत्ताच माहीत नाही त्याला कंपनी कळवणार कशी? पण गावाकडचं वास्तव वेगळं आहे. माहिती प्रवाशानं दडवलेली नसते, एजंटनं भरलेली नसते. एप्रिल २०२५ मध्ये डीजीसीएनं कंपन्यांना सांगितलं की तिकीट काढल्यावर प्रवाशाला त्याच्या हक्कांच्या सनदेची लिंक एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. चांगला आदेश आहे. पण ती लिंकसुद्धा एजंटच्याच फोनवर जाते! विमान कंपन्यांनी माणसं कमी केली, सगळं काम मोबाईलवर ढकललं, आणि मोबाईल नंबरच दुसऱ्याचा असला तर प्रवासी त्या व्यवस्थेच्या हिशेबात कुठंच नसतो.

सगळा दोष एजंटच्या माथी मारणं बरोबर नाही. उमराहच्या तीस-चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये निम्म्यांकडं ईमेल नसतो, काहींचा फोन घरातला मुलगा वापरतो. नाव तर आणखी गमतीचं. आपल्याकडं शेख अमुक शेख तमुक असं पूर्ण नाव. त्यातलं आडनाव म्हणून कोणतं भरलं हे एजंटलाच आठवत नाही, आणि पीएनआर टाकून तिकीट उघडायला तर आडनावच लागतं. काही एजंटांना मात्र प्रवासी थेट कंपनीशी बोलू नये असंही वाटतं, हेही लपवण्यात अर्थ नाही. आमचं म्हणणं एवढंच, की प्रवाशाच्या नंबरवर ओटीपी गेल्याशिवाय एजंटला तिकीट काढताच येऊ नये. बँकेत, रेशनमध्ये, गॅसच्या नोंदणीत हे होतं, मग विमानाच्या तिकिटात का नाही? तोवर तिकीट हातात आलं की पहिल्यांदा त्यावरचा संपर्क नंबर वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या अ‍ॅपवर पीएनआर आणि आडनाव टाकून तो नंतरही बदलता येतो.

नंबर बदलला नसला तरी एक सोय सगळ्यांना खुली आहे. कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर फ्लाइट नंबर आणि तारीख टाकली की विमान वेळेवर आहे की रद्द, ते दिसतं. त्याला ओटीपी लागत नाही, लॉगिन लागत नाही. फ्लाइटरडार२४ सारख्या अ‍ॅपवर तर विमान या घडीला कुठं आहे तेही दिसतं. तुम्हाला घेऊन जाणारं विमान अजून दुसऱ्याच शहरात उभं असेल, तर उशीर होणार हे घोषणेच्या आधीच कळतं. गाडी घरातून निघण्याआधी घरातल्या कुणीतरी हे दोन मिनिटांत पाहावं. मामूंच्या वेळी आम्ही कुणीच पाहिलं नाही. शिकलेली पाच पोरं घरात होती.

फोनवरून मदत शोधताना मात्र एक मोठा धोका आहे. विमान रद्द झालं की माणूस घाबरून गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि ठगाच्या हाती लागतो. परताव्यासाठी अ‍ॅप टाका, ओटीपी सांगा, असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्यायचा. नंबर फक्त कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा तिकिटावरून घ्यावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन.

दोन वेगळ्या तिकिटांचं काय? पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं सुटलं, तर दुसरी कंपनी जबाबदार नसते, आणि पहिलीही नाही. एकाच पीएनआरवर पूर्ण प्रवास असेल तर पुढं पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. थोडं महाग पडतं. वेगळंच काढायचं असेल तर मुंबईत एक रात्र मुक्काम धरावा, निदान उमराहसाठी तरी. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय. नागपूरहून स्वस्त मिळालेलं विमान कदाचित तिथं उतरेल, आणि तुमचं जेद्दाहचं विमान अंधेरीजवळच्या जुन्या विमानतळावरून असेल. मध्ये मुंबईची वाहतूक! तिकिटावर बीओएम लिहिलंय की एनएमआय, ते नीट बघा. सामानाचंही तसंच. काही कंपन्यांच्या सर्वात स्वस्त भाड्यात चेक-इन बॅग धरलेलीच नसते, आणि काउंटरवर किलोमागे पैसे मोजताना वाचलेले पैसे निघून जातात.

विमानतळावर अडकलात तर दोन गोष्टी मागा. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर खाणंपिणं कंपनीनं द्यायचं असतं. उशीर सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. न मागता क्वचितच मिळतं. बोर्डाचा फोटो काढा, मेसेज जपून ठेवा, आणि कारण लेखी मागा, कारण भरपाई द्यायची की नाही हे त्या कारणावरच ठरतं.

तक्रार आधी कंपनीकडं, मग केंद्र सरकारच्या एअरसेवा अ‍ॅपवर. एजंटमार्फत तिकीट काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी नियमानं विमान कंपनीचीच असते, हे तक्रारीत आवर्जून लिहा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तरीही दाद मिळाली नाही तर मुंबई-दिल्लीला जायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथंच तक्रार करण्याची मुभा दिली आहे. वाशीमच्या जिल्हा ग्राहक आयोगात ती दाखल होऊ शकते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मामूंनी ते केलं नाही. म्हणाले, अल्लाहच्या घरी जाऊन आलो, आता कोर्टात कुठं जाऊ. यंदा मामींच्या बहिणीचं तिकीट निघालंय, आणि त्यावर नंबर त्यांच्या मुलीचा आहे.