काय गेले, काय आले?



आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांत आज एखादा मुलगा किंवा मुलगी संगणक क्षेत्रात नोकरी करीत आहे, अथवा त्याचे शिक्षण घेत आहे. त्यांच्या पडद्यावर काही ओळी तांबड्या व काही हिरव्या दिसतात. आई-वडिलांना वाटते, तांबड्या म्हणजे चुकलेल्या. तसे नाही. कालची प्रत आणि आजची प्रत यांत काय फरक पडला, हे दाखविण्याची ती रीत होय. तिला 'डिफ' असे म्हणतात. ती समजून घेण्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. ज्याला संस्था चालवायची आहे, आपला हक्क कागदावर तपासून पाहायचा आहे, त्यानेही ती शिकावी, असे आमचे म्हणणे आहे.

मोठी संगणक प्रणाली म्हणजे लाखो ओळींचा मजकूर. तो अनेकजण एकाच वेळी लिहितात. कोणी काय बदलले याची नोंद नसेल तर गोंधळच व्हायचा. ही नोंद ठेवणाऱ्या साधनाला 'व्हर्जन कंट्रोल' म्हणतात. आज सर्वांत अधिक वापरले जाणारे असे साधन म्हणजे 'गिट'. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी तयार केले. ते फुकट मिळते. आम्ही कारकुनी माणसे, त्यामुळे आम्हांस यात नवल वाटत नाही. जमाखर्चाच्या वहीत चुकीची नोंद खोडरबराने पुसायची नसते. उलट नोंद करून ती दुरुस्त करायची असते, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. गिटचा स्वभाव असाच आहे.

'डिफ' मात्र गिटपेक्षा बरेच जुने. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी ते लिहिले आणि १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर ते बाहेर आले. त्यामागची पद्धत जेम्स हंट आणि मॅकिलरॉय यांनी १९७६ च्या एका अहवालात मांडली. पुढे १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' हे साधन दिले. त्यामुळे संपूर्ण मजकूर न पाठविता नुसता फरक पाठवावा आणि समोरच्याने तो आपल्या जुन्या प्रतीवर चढवावा, ही सोय झाली.

वाचावे कसे?

समजा, एका मंडळाच्या घटनेची जुनी आणि नवी अशा दोन प्रती आहेत. प्रत्येक कलम एका ओळीत आहे. संगणक फरक असा दाखवील :

@@ -१०,७ +१०,७ @@
  १०. वर्गणी जूनअखेर भरावी.
  ११. जमाखर्च दरवर्षी तपासून घ्यावा.
  १२. वार्षिक सभेची नोटीस १५ दिवस आधी द्यावी.
- १३. विश्वस्तांची निवड सर्व सभासदांच्या बहुमताने होईल.
+ १३. विश्वस्तांची निवड कार्यकारिणीच्या बहुमताने होईल.
  १४. वाचनालय सर्वांना खुले राहील.
  १५. सभेचे इतिवृत्त लिहून ठेवावे.
  १६. इतिवृत्त पाहण्याचा सभासदांना हक्क राहील.

पहिली ओळ पत्ता सांगते. उणे चिन्हापुढील आकडे जुन्या प्रतीचे : दहाव्या ओळीपासून सात ओळी. अधिक चिन्हापुढील आकडे नव्या प्रतीचे. ज्या ओळीआधी उणे, ती गेली. ती तांबडी दिसते. ज्या ओळीआधी अधिक, ती आली. ती हिरवी दिसते. ज्या ओळींआधी काहीच नाही त्या जशाच्या तशा आहेत. बदलाच्या वर तीन आणि खाली तीन अशा ओळी मुद्दाम दाखवितात, म्हणजे बदल कोणत्या संदर्भात झाला ते कळावे.

आता तेरावे कलम पुन्हा वाचा. दोनच शब्द गेले, त्या जागी एक आला, आणि सर्व सभासदांचा मतदानाचा हक्क मूठभरांच्या हाती गेला. बारा पानांची घटना वार्षिक सभेत भराभर वाचून दाखविली आणि 'किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत' असे सांगून हात वर करावयास लावले, तर हा बदल किती जणांच्या ध्यानात येईल? दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या की तो लपत नाही.

यंत्र काय करते, काय करीत नाही?

तुम्ही लिहीत असताना हे यंत्र पाळत ठेवून बसलेले नसते. गिट प्रत्येक टप्प्याची संपूर्ण प्रत नोंदवून ठेवते आणि विचाराल तेव्हा दोन प्रती शेजारी ठेवून फरक काढून देते. दोन्ही प्रतींत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची जास्तीत जास्त लांब मालिका ते शोधते. त्या मालिकेबाहेर जुन्या प्रतीत जे उरले ते गेले, नव्या प्रतीत जे उरले ते आले.

हजेरीपटाचे उदाहरण घेऊ. जुन्या यादीत कमल, रमा, सुजाता, गौतम. नव्या यादीत रमा, कमल, सुजाता, आनंद. यंत्र रमा आणि सुजाता यांना जागच्या जागी धरील. गौतम गेला, आनंद आला, हे बरोबरच. परंतु कमल वर तांबडी दिसेल आणि रमाच्या खाली हिरवी दिसेल. कमलला कोणी काढले नाही, तिची फक्त जागा बदलली. म्हणून तांबडी ओळ दिसताच निष्कर्ष काढू नये. ती दुसरीकडे हिरवी होऊन आली आहे काय, ते पाहावे. कलमांचे क्रम बदलताना एखादे कलम खरोखरच गाळले गेले, तर तेही याच शोधात सापडते.

दुसरी गोष्ट, यंत्राचे माप ओळ हे आहे. आपण मराठीत संपूर्ण परिच्छेद एकाच लांब ओळीत टंकित करतो. त्यात एक अनुस्वार सुधारला तरी अख्खा परिच्छेद तांबडा आणि अख्खा परिच्छेद हिरवा होतो. अशा वेळी गिटला शब्दवार फरक मागता येतो. कधी कधी दोन ओळी डोळ्यांना अगदी सारख्या असतात, तरी यंत्र फरक दाखविते. शेवटी एखादी मोकळी जागा राहिलेली असते. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठविता येतो, त्यानेही असे होते. शंभर बिनमहत्त्वाच्या फरकांत एक महत्त्वाचा फरक बुडून जातो. म्हणून जाणकार लोक सजावटीची दुरुस्ती आणि आशयाची दुरुस्ती वेगवेगळी नोंदवितात.

तिसरी गोष्ट नावाची. गिटमध्ये प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणी लावला ते पाहता येते. पण शेवटचा हात लावणारा म्हणजे मूळ लिहिणारा नव्हे. कोणी नुसती मोकळी जागा नीट केली तरी त्याचे नाव येते. शिवाय हे नाव संगणकावर जसे भरून ठेवले असेल तसेच नोंदले जाते. आपल्या मुला-मुलींनी दुसऱ्याच्या संगणकावर काम करताना प्रथम आपले नाव भरले आहे ना, हे पाहावे. आपल्या कष्टावर आपलेच नाव असले पाहिजे.

मसुदा समितीची रीत

बदल कोणी व केव्हा केला, हे नोंदीत मिळते. का केला, हे मात्र माणसाने लिहावे लागते. गिटमध्ये प्रत्येक नोंदीसोबत तसा खुलासा लिहिण्याची जागा असते, आणि पुष्कळजण तिथे 'दुरुस्ती' एवढाच शब्द लिहून मोकळे होतात.

येथे बाबासाहेबांच्या मसुदा समितीची आठवण होते. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेच्या अध्यक्षांना सादर करताना बाबासाहेबांनी सोबतच्या पत्रात खुलासा केला आहे. सभेने किंवा तिच्या समित्यांनी आधी घेतलेल्या निर्णयांहून जेथे वेगळे सुचविले, तो मजकूर खाली किंवा बाजूला रेघ ओढून दाखविला होता आणि अशा प्रत्येक बदलाचे कारण तळटीपेत दिले होते. उद्देशिकेचेच पाहा. जानेवारी १९४७ च्या उद्दिष्टांच्या ठरावात 'स्वतंत्र सार्वभौम गणराज्य' असे होते. समितीने 'स्वतंत्र' काढला, कारण सार्वभौम म्हटले की स्वतंत्र हे आलेच. आणि 'लोकशाही' घातला. ठरावात नसलेली 'बंधुता' घातली आणि देशाला तिची गरज त्या वेळेइतकी कधीच नव्हती, असे कारण दिले. काय गेले, काय आले आणि का, हे तिन्ही सभासदांपुढे होते. पुढे त्या मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या व २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ३१५ कलमांचा मसुदा ३९५ कलमांची घटना होऊन बाहेर पडला. एवढी चर्चा होऊ शकली, यात रेघांचा आणि तळटिपांचाही वाटा आहे, असे आम्ही मानतो.

आपण काय करावे?

ज्यांच्या हाती केवळ मोबाईल आहे त्यांनी मराठी विकिपीडियावरील कोणत्याही लेखाचा इतिहास उघडावा. तेथे जुन्या व नव्या आवृत्तीतील फरक दिसतो. घरबसल्या हा उत्तम सराव आहे. वर्डमध्येही दोन प्रतींची तुलना करण्याची सोय आहे. मंडळाच्या चिटणीसाला ती दहा मिनिटांत शिकता येईल.

विहार, वाचनालय, महिला मंडळ, पतसंस्था, यांपैकी कोठे ना कोठे आपण सभासद असतोच. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यानुसार न्यासाच्या नोंदीत, उदाहरणार्थ विश्वस्तांच्या नावांत, बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो. ते सरकारचे झाले. सभासदांना कोणी कळवायचे? येत्या वार्षिक सभेत घटनादुरुस्तीचा विषय असेल तर आठ दिवस आधी एक कागद मागा. त्यावर तीन रकाने असावेत : जुनी ओळ, नवी ओळ, कारण. तिसरा रकाना कोरा असेल तर तेथेच प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळाल्यावरच हात वर करा.