चौकटीच्या कडेचे शहर

जुन्या मुंबईच्या चित्रफिती पाहून उसासे टाकण्याची सध्या साथच आली आहे. ट्राम, घोडागाडी, टोपी घातलेले पादचारी दिसले की निर्वाळा ठरलेला : ‘काय शांत, स्वच्छ शहर होते!’ हा निर्वाळा भाबडा आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने खोटाही आहे.

मुळात ही दृश्ये बहुधा शहराचे जगणे टिपण्यासाठी घेतलेली नव्हती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १९०१ साली चौपाटीवर कॅमेरा नेला तो रँगलर परांजपे यांचे स्वागत टिपायला. १८९६ पासून प्लेगने ग्रासलेल्या वस्त्या टिपायला नव्हे. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि पुढे ‘इंडियन न्यूज रिव्ह्यू’ दर आठवड्याला निघू लागला. त्याचाही कॅमेरा प्रामुख्याने उद्घाटने, पाहुणे आणि कोनशिला यांच्या मागे धावला. रस्ता दिसतो तो त्यावरून मोटारींचा ताफा जातो म्हणून. माणसे दिसतात ती ताफा पाहायला उभी असतात म्हणून. पाहुण्यांसाठी झाडलेल्या रस्त्यावरून शहराची स्वच्छता ठरवणे म्हणजे लग्नाच्या फोटोवरून संसार जोखणे होय.

हे वृत्तपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. त्यामुळे यवतमाळच्या प्रेक्षकाला मुंबई-दिल्ली पाहावीच लागे. त्या बदल्यात मुंबईच्या प्रेक्षकाला यवतमाळ किती दिसले? ‘शकुंतला’ ही छोट्या रुळांची गाडी इथला कापूस मूर्तिजापूरला नेई; तिथून मोठ्या रुळांवरून तो मुंबईकडे जाई. ज्या गिरण्यांची धुरांडी पाहून आपण हळवे होतो, त्यांना पोसणाऱ्या मुलखाला त्या चित्रात जागा नाही. शहराचे दैनंदिन जीवन म्हणून जे दाखवले जाते, त्यातून त्या जीवनाचा आधारच वगळलेला आहे.

आता या चित्रफितींत यंत्राकडून रंग भरले जातात, ट्रामची घंटा आणि फेरीवाल्यांच्या हाका मागाहून जोडल्या जातात. जुने शहर जिवंत झाले म्हणून टाळ्या पडतात. पण त्या बाईच्या लुगड्याचा रंग यंत्राने अंदाजाने ठरवलेला आहे. दस्तऐवजावर असे रंगकाम करणे ही जतनाची रीत नव्हे.

या चित्रफिती फेकून द्याव्यात असे मुळीच म्हणणे नाही. निवेदकाचा आवाज बंद करावा, मधल्या पाहुण्यावरची नजर काढावी आणि चौकटीच्या कडेला पाहावे. तिथे पोलिसाने अडवलेला हातगाडीवाला असतो, ओझे न उतरवता थबकलेली बाई असते, भिंगात टक लावून पाहणारे अनवाणी पोर असते. त्यांना टिपण्याचा कोणाचाच हेतू नव्हता. ती केवळ कापायची राहून गेली. रोजच्या जगण्याचा पुरावा तेवढाच आहे. सूचीत पाहुण्याच्या नावाखाली नोंदलेल्या या माणसांची स्वतंत्र नोंद करणे हे अभ्यासकांचे पहिले काम आहे. उसासे त्यानंतर टाकता येतील.