टायरची काही चूक नाही

मोटारीतलं मला ओ की ठो कळत नाही. मी बी. कॉम., त्यातून बँकेत कारकून. पण वीस वर्षं ताळेबंद जुळवून एक गोष्ट मला कळली आहे : चूक जिथं दिसते तिथं ती सहसा नसते. एवढ्याच भांडवलावर मी गेल्या मे महिन्यात टेक्सासला जाऊन आमच्या साडूंशी आणि त्यांच्या गॅरेजवाल्याशी भांडून आलो.

साडूंकडे मोटारहोम आहे. म्हणजे चाळीस फूट लांबीचं चालतं बिऱ्हाड! मागे दुहेरी चाकांचा एक ॲक्सल आणि त्याच्याही मागे, भार वाटून घ्यायला, एकेरी चाकांचा आणखी एक. या शेवटच्या बिचाऱ्याचे टायर आतल्या कडेनं झिजत. गॅरेजवाला म्हणे, टायर बदला. दीड वर्षात तीन जोड्या झाल्या. अहो, कॅशियरला रोज पन्नास रुपये कमी पडू लागले, तर आम्ही रोज नवा कॅशियर नेमतो का?

टायर मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांनी झिजला तर हवा कमी. पण जोडीतले दोन्ही टायर फक्त आतून खरवडले गेले, तर चाकांचे माथे आत कलले असावेत किंवा तोंडं फाकली असावीत. आणि सरळ दांडीच्या ॲक्सलवर चाकं कलली, तर दांडीच ओझ्यानं वाकल्याचा संशय घ्यायला नको? त्याला लागतो गवंड्याचा ओळंबा आणि टेप. चाकाशेजारी ओळंबा सोडला, तर खालच्यापेक्षा वरचं अंतर जास्त! दोन्ही बाजूंना.

मग चेसीखाली स्टँड लावून टॉर्च घेऊन आत शिरलो. (नुसत्या हवेच्या स्प्रिंगांवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणाऱ्यानं आधी विमा उतरवावा.) दांडीला ब्रॅकेट जोडलेल्या वेल्डिंगपाशी गंजाची वीतभर बारीक रेघ होती. तडा. आणि या दांडीच्या भरवशावर साडू ताशी साठ मैलांनी दोन पोरांना घेऊन हिंडत होते!

गॅरेजवाला आता म्हणाला, वेल्डिंग मारून देतो. वाकलेल्या, तडकलेल्या दांडीवर वेल्डिंग म्हणजे न जुळणारी रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकणं. मी नाही म्हटलं. दांडीच बदलायला लावली.

पण वाकली का? कुठल्या ॲक्सलवर किती भार चालेल, ते ड्रायव्हरजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ती कोणीच वाचली नव्हती. ट्रकवाल्यांच्या काट्यावर नेल्यावर शेवटचा ॲक्सल नऊशे पौंडांनी जड निघाला. शंभर गॅलनची पाण्याची टाकी साडू काठोकाठ भरत.

"अहो, पाण्याचं कसलं वजन धरता?"

तीनशे अठ्ठ्याहत्तर किलो! शिवाय मागच्या कप्प्यात तांदळाची पोती, जनरेटर आणि आमच्या मेहुणीनं साताऱ्याहून बोटीनं आणवलेला पाटा-वरवंटा.

पाटा आता घरी राहिला आहे. साडूंनी परवा काट्याची नवी पावती व्हॉट्सॲपवर पाठवली. मी तिन्ही ॲक्सलांची बेरीज दोनदा करून पाहिली, जुळली. मेहुणी मात्र अजून माझ्याशी बोलत नाही.